उतारा क्रमांक सतरा

गोष्ट कोण सांगतंय हे ओळखायला शिकवण्यात माझी एकतीस वर्षं गेली. शाळेत मुलं मला पाठीमागे 'फुलीवाल्या बाई' म्हणायची. कुठलाही उतारा दिला की मी आधी त्यांना त्यातल्या खोलीचा आराखडा काढायला लावायची. दार इथे, खिडकी तिथे, टेबल मधे. मग म्हणायची, आता सांगणारा जिथे आहे तिथे फुली मारा आणि त्या फुलीवरून त्याला काय दिसेल ते ठरवा. जे दिसणार नाही तेही तो सांगत असेल, तर एक तर तो ऐकीव सांगतोय, नाहीतर थापा मारतोय, नाहीतर तो सर्वज्ञ आहे. सर्वज्ञ माणूस मी गोष्टीबाहेर एकच पाहिला, आमचे मुख्याध्यापक.

ही गोष्ट मी सांगते आहे. तेव्हा माझी फुली कुठे पडते त्यावर तुम्हीही लक्ष ठेवा.

निवृत्त झाल्यावर एका प्रकाशकाने माझ्याकडे सराव पुस्तकाचं काम दिलं. लहान लहान उतारे आणि प्रत्येकाखाली एकच प्रश्न: निवेदक कोण आणि तो कुठून पाहतो आहे? माझं काम उतारे निवडायचं आणि नमुना उत्तरं लिहायचं. छापील गोष्टींतले उतारे मुलांना आधीच माहीत असतात, म्हणून संपादकांनी वाचकांकडून नवे मागवले. अट मी घातली. लिहिणाऱ्याचं नाव मला कळता कामा नये, फक्त क्रमांक हवा. नाव वाचलं की मी आधी मत बनवते आणि मग वाचते, हा माझा दोष मला पक्का ठाऊक आहे.

चाळीस उताऱ्यांचा गठ्ठा आला. मी तो आईच्या खोलीत नेऊन तिच्या पलंगावर टाकला आणि सहा महिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. निव्वळ कंटाळा, दुसरं काही नाही.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. घरात मी एकटीच, त्यामुळे तिची खोली आपोआप कागदांची झाली. मी आत जाते, गठ्ठा टाकते आणि बाहेर येते. बसत नाही. त्या खोलीत पाठमोरं उभं राहिलं की कोणीतरी आपल्याकडे बघतंय असं मला वाटतं. शिकल्यासवरल्या बाईने असलं काही बोलू नये, पण वाटतं ते वाटतं.

आई गेली तेव्हा मी तिथे नव्हते. मी दुसऱ्या गावी पेपर तपासणीच्या केंद्रावर होते, बसने तीन तासांवर. सकाळी दादाचा फोन आला होता, आज येऊन जा म्हणून. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. दुसऱ्याच्या चुका काढण्यात त्याचा जन्म गेला, पण माणूस इतका भिडस्त की स्वतःच्या ताटात मीठ कमी आहे हेही सांगायचा नाही. मी त्याला म्हटलं, दोन गठ्ठे राहिलेत, उद्या सकाळी निघते. बरं, म्हणाला. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा फोन आला.

दिवसा आईजवळ एक बाई असायच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. त्या दिवशी दादा आलेला बघून त्या जरा बाजारात गेल्या होत्या. चारला परत आल्या. त्यांनी मला सांगितलं ते असं: दारातून डोकावले, खुर्ची रिकामी होती. म्हटलं आजी झोपल्यात, झोपू दे. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. अर्ध्या तासाने चहा घेऊन आले, तर आजी गेलेल्या. खुर्ची तेव्हाही रिकामीच. तेवढ्यात दादा डॉक्टरांना घेऊन जिना चढून आले. बिचारी एकटीच गेली हो, ताई.

एकटीच गेली. हे दोन शब्द माझ्या डोक्यात जाऊन बसले ते बसलेच. जिने आमची साधी सर्दीही एकटी काढू दिली नाही, ती बाई रिकाम्या खुर्चीकडे बघत गेली.

दोन दिवसांनी घर नातेवाइकांनी भरलेलं असताना मी दादाला धरलं. सगळ्यांसमोर विचारलं, आईजवळ तू होतास का. होतो, म्हणाला. कुठे होतास, खुर्ची तर रिकामी होती. त्याने वर पाहिलं नाही. "जवळच होतो," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, जवळ म्हणजे कुठे, जिन्यात, कोपऱ्यावर, पानाच्या दुकानात? काका मधे पडायला लागले, त्यांना मी गप्प बसवलं. मग मी जे बोलले ते आजही माझ्या कानात आहे.

"तोंडी उत्तर मी धरत नाही. असेल काही सांगायचं तर लेखी दे."

वर्गात हे वाक्य मी हजार वेळा म्हटलं असेल. मुलं हसायची. त्या दिवशी कोणी हसलं नाही. दादाने चपला घातल्या आणि तो गेला. त्यानंतर नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. तो फोन करायचा, मी कापायची. पुढे त्याने करणंही सोडलं.

चार महिन्यांपूर्वी वहिनीचा फोन आला, हे गेले म्हणून. मी गेले. त्यांच्या दारापर्यंत गेले. आतली गर्दी दिसली आणि माणसांच्या मधून दादाचे पाय दिसले. तेवढे बघून मी दारातूनच परत आले. रडू आलं नाही. रागाला नऊ वर्षं खाऊपिऊ घातलं की तो घरचाच होऊन बसतो, एकदम हाकलता येत नाही.

तर मागच्या आठवड्यात संपादकांचा आवाज चढला आणि मी तो गठ्ठा उघडायचं ठरवलं. पहिले सोळा उतारे एका बैठकीत उरकले. बहुतेक सगळे सारखेच. कोणी खिडकीतला पक्षी होऊन बोलतोय, कोणी जुना आरसा होऊन, आणि तीन जणांनी शेवटी आपण मेलेलो आहोत असं जाहीर केलं होतं. मेलेल्यांना मी कधीच गुण देत नाही. ती पळवाट झाली.

मग सतरावा घेतला. टाइप केलेला, एकाच पानाचा.

'इथून दार दिसत नाही. मधे कपाटाची बाजू येते. दिसते ती खिडकी आणि खिडकीखाली औषधांसाठी ठोकलेली फळी. फळीची वरची बाजू नव्हे, खालची. तिथे सुताराने लाल पेन्सिलीने चारचा आकडा घातला होता आणि तो पुसायला तो विसरला. पंखा बंद आहे, कारण थंडी वाजते. पायांखालच्या लोडामुळे पांघरुणाचा डोंगर झाला आहे. डोंगरापलीकडे खुर्चीची पाठ तेवढी दिसते. खुर्ची रिकामी आहे.'

सवयीने माझा हात आराखडा काढत होता. दार, दारातून आत आलं की लगेच डावीकडे लोखंडी कपाट, कपाटाच्या आडोशाला पलंगाची उशाकडची बाजू, पायथ्याशी खुर्ची, समोर खिडकी. फुली कुठे मारायची याचा विचारसुद्धा करावा लागला नाही. उशीवर. सांगणारा पलंगावर पडलेला आहे, डोकं उशीवर आहे. फुली मारली आणि मग माझ्या लक्षात आलं की हा मी काढलेला आराखडा माझ्याच घराचा आहे.

मी उठून खोलीच्या दारात गेले. कपाट होतं तिथेच. आईचे पाय सुजायचे म्हणून त्यांच्याखाली ठेवायचा तो लोड पलंगाच्या पायथ्याशी गुंडाळून पडलेला. खिडकीखालची फळी होती. तिच्या खाली काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं. या घरात मी इतकी वर्षं राहते, पण त्या फळीच्या खाली वाकून बघायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

मी पलंगावरचे गठ्ठे खाली ढकलले आणि आयुष्यात पहिल्यांदा आईच्या उशीवर डोकं ठेवून आडवी झाले. दार दिसेना. कपाटाची बाजू मधे आली. मान जरा वळवली, तर फळीच्या खालच्या बाजूला, लाल पेन्सिलीत, चार.

मी उठले ती सरळ बाहेर आले आणि दार ओढून घेतलं.

त्यानंतरचे तीन दिवस मी तो कागद हातात घेतला नाही. भर दुपारी घरातले सगळे दिवे लावून बसायची. त्या जागेवरून जगात एकाच माणसाने पाहिलं होतं. अखेरची तीन वर्षं आई त्या उशीवरून उठली नव्हती. थंडी वाजते, खुर्ची रिकामी आहे: हे दुसरं कोण सांगणार? ती एकटी होती हे मला माहीत होतंच, पण आता ती ते मला स्वतः सांगत होती, आणि तेही माझ्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून. मेलेल्यांना गुण देत नाही म्हणणारी मी, स्वयंपाकघरात उभी राहून त्या बंद दाराला म्हटलं, "आई, मी उद्या येणार होते गं." पलीकडून अर्थातच काही आलं नाही, आणि काही आलं नाही याचीच जास्त भीती वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी मला माझीच लाज वाटली. उतारा मी अर्ध्यात टाकला होता. एकतीस वर्षं मुलांच्या कानीकपाळी ओरडले की शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही, आणि स्वतः सात ओळींत घाबरून पळाले. मी चष्मा लावला, दार उघडलं, आईच्या पलंगाच्या कडेवर बसले आणि उरलेला भाग वाचला.

'उशी एकच आहे आणि ती दोघांना पुरत नाही. इतक्या जवळून तिच्या कानामागचा तीळ दिसतो. पन्नास वर्षांत तो कधी दिसला नव्हता. "सरक आत," ती म्हणते, "पडशील." पांघरूण ती स्वतःच्या अंगावरून ओढून इकडे घालते. खरं तर थंडी तिला वाजते आहे, तिला ऊब यावी म्हणूनच इथे आडवं व्हायचं ठरलं होतं. पण तिला ते सांगून पटत नाही. तिचा हात केसांत येतो. दाराची कडी वाजते. चपला थांबतात, मग स्वयंपाकघराकडे जातात. हाक मारता आली असती. पण हाक मारली तर हात निघेल. "धाकटी उद्या येणार आहे," ती म्हणते, "तिला म्हणावं, घाई करू नको." मग ती बोलत नाही. हात जड होत जातो. तो तसाच डोक्यावर असू द्यावासा वाटतो. भांडी घासल्याचा आवाज थांबेपर्यंत तो तसाच असतो.'

खाली नाव नव्हतं. नाव नको ही अट माझीच होती.

स्वतःच्या कानामागचा तीळ कोणाला दिसत नाही. शाळेतल्या सगळ्यात मठ्ठ मुलानेही हे सांगितलं असतं. उशीवर डोकी दोन होती. कपाटाच्या आड असल्याने दारातून त्यातलं एकही दिसत नव्हतं. दिसत होता तो पांघरुणाचा डोंगर, जो रोजच असायचा, आणि रिकामी खुर्ची. मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी दारातून जे दिसतं ते सांगितलं होतं. भांडी झाल्यावर त्या चहा करत असताना दादा उठून डॉक्टरांना आणायला धावला असणार. हजारो मुलांना मी विचारलं की सांगणारा कुठे उभा आहे, आणि ज्या एका साक्षीवर सख्खा भाऊ टाकला, तिच्या बाबतीत हा प्रश्न मला नऊ वर्षांत सुचला नाही.

मी पलंगावर बसून खूप रडले. दादासाठी रडायचं चार महिन्यांचं राहिलं होतं आणि आईसाठीचं नऊ वर्षांचं.

दुपारी संपादकांना फोन केला आणि माझा नियम मीच मोडून नाव विचारलं. त्यांनी यादी काढून नाव वाचलं. मला ते ठाऊक होतं, तरी ऐकून घेतलं. उतारा कधी आला, म्हटलं. ते म्हणाले, अगदी सुरुवातीला, पहिल्याच आठवड्यात. गठ्ठा तुमच्याकडे यायच्या आधी दोन महिने.

मी बोटांवर हिशेब केला. गठ्ठा माझ्या घरी आला तेव्हा दादा जिवंत होता. नंतरचे दोन महिनेही जिवंत होता. त्याचं लेखी उत्तर आईच्या उशीवर पडून होतं आणि मी येता-जाता त्यावर आणखी कागद टाकत होते.

दुसऱ्या दिवशी वहिनीकडे गेले. या वेळी दारात थांबले नाही. ती भाजी निवडत होती. मला बघून तिने ताट बाजूला केलं, पण उठली नाही. तिच्या जागी मी असते तर दारही उघडलं नसतं. मी तो कागद तिच्या पुढ्यात ठेवला. तिने तो वाचला नाही, नुसता ओळखला.

"वाचलात तर," ती म्हणाली.

मी विचारलं, दादाने तेव्हाच का नाही सांगितलं. वहिनीने ताट पुन्हा जवळ ओढलं. मग सांगू लागली की तिने त्याला हेच कितीदा विचारलं होतं. तो म्हणायचा, पन्नाशीचा बाप्या आईच्या कुशीत शिरून झोपला होता, हे काका-मामांसमोर कसं सांगू? धाकटीने एकटीने विचारलं असतं तर सांगितलं असतं. आणि नंतर मी फोन घेतला नाही. पत्रं त्याने लिहिली होती, चार-पाच, पण त्यावर त्याचं नाव बघून मी ती फाडीन अशी त्याची खात्री होती. आणि खरंच, मी ती फाडलीच असती. मग जाहिरात आली. उताऱ्यावर नाव नको, ते वेगळ्या चिठ्ठीवर पाठवा, तपासणार फुलीवाल्या बाई. वहिनी म्हणाली, त्या दिवशी कधी नव्हे तो माणूस जेवताना हसला. म्हणाला, आता कुठे जाईल, आता तिला वाचावंच लागेल.

"रोज विचारायचे," ती म्हणाली. "निकाल लागला का. मी म्हणायचे, परीक्षा आहे का ती तुमची. तर म्हणायचे, ती तपासायला वेळ लावते, पण तपासते नीट."

मला जे विचारायचं होतं ते विचारायची हिंमत होत नव्हती. तरी विचारलं. शेवटी दादाजवळ कोण होतं?

"मी होते ना," वहिनी म्हणाली. "खुर्चीतच होते. ते मात्र दाराकडे बघत होते."

ती चहा टाकायला उठली. मी तिथेच बसून राहिले. त्यांच्या पलंगावरून दार सरळ दिसत होतं, मधे कपाट नव्हतं, काही नव्हतं.

आज सकाळी नमुना उत्तरं लिहायला घेतली. सतरा क्रमांकाचं असं लिहिलं: निवेदक मुलगा आहे. तो आईच्या शेजारी, एकाच उशीवर आहे. तो जे सांगतो ते सगळं त्याला तिथून दिसतं, स्पर्शाने कळतं किंवा ऐकू येतं. त्याच्यावर विश्वास ठेवावा. शेवटचं वाक्य नमुना उत्तरात बसत नाही, पण मी ते ठेवलं आहे. संपादकांना कापायचं तर कापू दे.

मग उताऱ्याच्या समासात लाल पेनाने पूर्ण गुण दिले. पेपर कोणाला परत द्यायचा ते कळेना.

मागच्या कोऱ्या बाजूवर मी पुन्हा त्या खोलीचा आराखडा काढला. उशीवर दोन फुल्या मारल्या, जवळ जवळ, एकमेकींना चिकटून. दारात मावशींची एक मारली. मग माझी मारायला पेन उचललं. पलंग, खुर्ची, खिडकी, कुठेच जागा नव्हती. दारातही नव्हती. मी सगळ्यात मोठ्याने सांगितलं होतं आणि मी खोलीत नव्हतेच. शेवटी कागद जिथे संपतो त्याच्या पलीकडे, टेबलाच्या लाकडावर फुली मारली. ओल्या फडक्याने दोनदा पुसून बघितली. जात नाही.